दगडी कोळशाचे ज्वलन : पद्धती आणि मर्यादा

औष्णिक वीजनिर्मितीच्या चर्चेत दोन भिन्न क्रियांची सरमिसळ वारंवार होते. त्या आरंभीच वेगळ्या करणे आवश्यक आहे. कोळशातील रासायनिक ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होणे म्हणजे ज्वलन. त्या उष्णतेने निर्माण झालेल्या वाफेवर टर्बाइन चालवणे हे वाष्पचक्र. येथे विषय ज्वलनाचा आहे. वाष्पचक्राचा विचार ज्वलनाची मर्यादा ठरवण्यापुरताच केला आहे.

घन कार्बन पृष्ठभागावर जळतो. म्हणून पद्धतींचे वर्गीकरण कण आणि हवा यांच्या परस्परसंबंधावरून करणे युक्त होय. हवा संथ असता कोळशाचा थर स्थिर राहतो. वेग वाढवला की कण थरातच उसळू लागतात. कण अतिसूक्ष्म असल्यास ते हवेबरोबर वाहत जातात. यावरून तीन प्रकार संभवतात : (१) स्थिरस्तर, (२) प्रवाहीस्तर, (३) चूर्णज्वलन.

पहिल्या प्रकारात कोळसा जाळीवर जळतो. उष्णता वाढवायची तर जाळीचे क्षेत्रफळ वाढवावे लागते. त्यामुळे मोठ्या केंद्रांत तो टिकला नाही.

तिसरा प्रकार आज सर्वाधिक रूढ आहे. 2,920 मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूरचे केंद्रही त्यावरच चालते. कोल मिलमध्ये कोळशाची मैद्यासारखी पूड होते. तिचा सुमारे 70 टक्के भाग 75 मायक्रॉनच्या चाळणीतून पडतो. उष्ण हवा ही पूड सुकवून बर्नरकडे नेते. तेथे प्रत्येक कण तीन अवस्थांतून जातो : उरलेला ओलावा जातो, बाष्पशील द्रव्ये सुटून पेटतात, शेवटी कार्बन जळतो. ही अखेरची अवस्था सर्वांत मंद असते. सर्व मिळून एक-दोन सेकंद लागतात, आणि भट्टीची उंची ठरवताना हा काळ हिशेबात धरावाच लागतो.

आपल्या गोंडवन कोळशात राख 30 ते 45 टक्के असते. खनिजद्रव्य कोळशात एकजीव झालेले असल्याने धुऊन ते पूर्णपणे निघत नाही. या राखेचा सुमारे चार-पंचमांश भाग वायूबरोबर जातो. त्यातील गारेचे कण नळ्या झिजवतात. ट्यूब लीकेज झाले की संच बंद ठेवावा लागतो. काही कण वितळून पोकळ गोलक बनतात आणि राखेच्या तलावावर तरंगतात. भिंतीवर साचून गोठलेली राख क्लिंकर होते.

दुसऱ्या प्रकारात तापमान 800 ते 900 अंश सेल्सिअस राखतात. त्याचे परिणाम तीन : राख वितळत नाही, हवेतील नायट्रोजनचे ऑक्सिडीभवन अत्यल्प होते, थरात मिसळलेली चुनखडी गंधक बांधून ठेवते. राजस्थानातील बरसिंगसर येथे लिग्नाइट याच पद्धतीने जाळतात. चुनखडीच्या विघटनातून मात्र कार्बन डायऑक्साइडची थोडी भर पडते, हे गुणवर्णनात सहसा वगळले जाते.

आता मर्यादा. सुस्थितीतील चूर्णज्वलन बॉयलरमध्ये बहुतेक सर्व कार्बन जळतो. तेथे सुधारणेला फारसा वाव नाही. मोठी हानी होते ती वाष्पचक्रात, वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमध्ये. कोराडीचे 660 मेगावॅटचे संच सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे त्यांतील वाफेचा दाब पाण्याच्या क्रांतिक दाबाहून, सुमारे 221 बारहून, अधिक असतो. जळते मात्र तेच चूर्ण. सुपरक्रिटिकल ही ज्वलनपद्धती नव्हे. तिने दर युनिटमागे कोळसा कमी लागतो, एवढाच तिचा लाभ, आणि तो खरा आहे.

12 किलो कार्बन पूर्णपणे जळला की 44 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तो जाळीवर जळो, थरात जळो वा चूर्णरूपाने जळो.