नाच्या, गंधर्व आणि हसणारे लोक

एखादा समाज कोणाला हसतो यावरून त्या समाजाच्या मनाची घडण ओळखता येते. आपल्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांनी लढायांचा, राज्यांचा, फार तर चळवळींचा इतिहास लिहिला. हसण्याचा इतिहास कोणी लिहिला नाही. कारण हसणारे ते होते आणि ज्यांच्यावर हसले गेले ते आपण होतो.

22 ऑगस्ट 2019 रोजी अमेरिकेतील एबीसी वाहिनीच्या 'गुड मॉर्निंग अमेरिका' या कार्यक्रमात सूत्रसंचालिका लारा स्पेन्सर यांनी इंग्लंडच्या सहा वर्षांच्या राजपुत्र जॉर्जच्या अभ्यासविषयांची बातमी दिली. त्यात बॅले नृत्य होते. तो शब्द उच्चारताच त्या हसल्या आणि सोबत बसलेलेही हसले. मुलाने बॅले शिकावा यात हसण्यासारखे काय आहे, हे कोणी कोणाला समजावून सांगितले नाही. ते सांगावे लागत नाही, हीच अशा हसण्याची ताकद असते. परंतु पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. चारच दिवसांनी, 26 ऑगस्टला, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये त्या वाहिनीच्या दारासमोर सुमारे तीनशे नर्तक जमले. त्यांनी घोषणा देण्यापेक्षा भर रस्त्यात बॅलेचा वर्ग भरवला. त्याच दिवशी स्पेन्सर यांनी कार्यक्रमातून जाहीर माफी मागितली.

ही हकिकत वाचून माझ्या मनात प्रश्न उभा राहिला तो अमेरिकेचा नव्हे. चार दिवसांत रस्त्यावर येण्याचे बळ त्या नर्तकांना कुठून मिळाले? आणि शेकडो वर्षे हसू झेलणाऱ्या आमच्या नाच्यासाठी एकदाही रस्त्यावर कोणी का जमले नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बॅलेच्या पाठीशी राजसत्ता उभी होती. फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः नाचत असे आणि 1661 मध्ये त्याने नृत्याची राजसंस्था स्थापन केली. तेव्हा पुरुषाचे नाचणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या रंगभूमीवर नर्तकीचे वर्चस्व वाढत गेले आणि नर्तक मागे पडला. 1870 च्या 'कोपेलिया' या बॅलेत तर नायकाची भूमिकाही एका स्त्रीने केली. म्हणजे 'नाचणारा पुरुष हास्यास्पद' ही समजूत निसर्गाने दिलेली नाही. ती इतिहासाने घडवली. जे घडवले गेले ते मोडताही येते, म्हणून ते तीनशे नर्तक रस्त्यावर येऊ शकले. त्यांच्यामागे शाळा होत्या, नाट्यगृहे होती, लिहिलेला इतिहास होता.

आमच्या नाच्यामागे काय होते? गावकुसाबाहेरचे घर आणि आडनावाऐवजी जात.

तमाशाचा इतिहास पाहावा. तमाशाच्या फडात नाचणारे, ढोलकी-हलगी वाजवणारे, सोंगाड्या होणारे लोक बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतले होते. पवळा हिवरगावकर ही तमाशाच्या फडावर नाचणारी पहिली स्त्री मानली जाते. तिच्या आधी गौळणीतली राधा, मावशी आणि लावणीतली नायिका लुगडे नेसलेला पुरुषच उभी करीत असे. त्यालाच नाच्या म्हणत. आमच्या विदर्भातही हेच होते. दंडार असो की खडी गंमत, बाईचे सोंग पुरुषच घेई. दिवसा पाटलाच्या वावरात राबणारा माणूस रात्री टेंभ्याच्या उजेडात बाई होई. गाव त्याला रात्रभर डोळे भरून पाही आणि सकाळी त्याच्या चालण्याची नक्कल करी. आजही आमच्या वरूड-मोर्शीकडे एखाद्या मुलाची टवाळी करायची तर 'पोट्टा नाच्या हाय' एवढे तीन शब्द पुरतात.

कोणी म्हणेल की पुरुषाने बाईचे रूप घेतले म्हणून लोक हसले, यात जातीचा संबंध काय? त्यासाठी एक पडताळा घेऊ. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (1888-1967) यांनी जन्मभर स्त्रीभूमिका केल्या. त्यांच्या लुगड्याची, दागिन्यांची, केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1964 मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि पुण्यातील मोठ्या नाट्यगृहाला त्यांचे नाव दिले गेले. त्यांच्या गाण्याची आणि अभिनयाची थोरवी मी नाकारीत नाही. माझा प्रश्न त्यांच्याविषयी नाही, पाहणाऱ्याविषयी आहे. पुरुष तोच, लुगडे तेच, लाजणे-मुरडणेही तेच. मग एका रंगमंचावर त्याचे 'गंधर्व' होते आणि दुसऱ्यावर 'नाच्या' का होतो?

दुसरे उदाहरण कोल्हापूरच्या गणपत पाटील यांचे. 'जाळीमंदी पिकली करवंदं' या नाटकातील आणि नंतर कितीतरी तमाशापटांतील त्यांचा नाच्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. पण त्या भूमिकेचा शिक्का त्यांच्या अंगावरून कधी पुसला गेला नाही. ते संसारी गृहस्थ होते, तरी लोकांनी त्यांच्या पुरुषत्वावर संशय घेतला, आणि त्याची झळ त्यांच्या कुटुंबालाही लागली. 2008 मध्ये त्यांचे निधन झाले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की कलंक भूमिकेला चिकटलेला होता. ती भूमिका खालच्या मानलेल्या जातींच्या फडातून आलेली, म्हणून तिला शिवणारा कोणीही असो, विटाळ त्याला लागणारच. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीवरचा चित्रपट 2010 मध्ये आला तेव्हा प्रेक्षकांनी गुणा कागलकरच्या दुःखासाठी अश्रू ढाळले. त्याच प्रेक्षकांच्या घरात दूरचित्रवाणीवर विनोदी कार्यक्रमातला लुगड्यातला पुरुष दिसला की आजही हशा पिकतो. पडद्यावरच्या नाच्यासाठी रडायचे आणि गल्लीतल्या नाच्याला हसायचे, अशी ही दुहेरी रसिकता आहे.

आता स्वतःकडे वळले पाहिजे. आपल्या चळवळीनेही नाच्याकडे पाठ फिरवली, असे म्हणणारे भेटतात. हे अर्धसत्य आहे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, अशी हकिकत चळवळीत सांगितली जाते. आपल्या जातीच्या बाईला नाचवून मिळालेल्या पैशावर आपला लढा उभा करायचा नाही, असा त्यामागचा भाव सांगतात. तो भाव योग्यच होता. कारण आमच्या वाट्याला नाच हा कला म्हणून आलाच नव्हता. तो वेठीसारखा आला होता. मेलेले ढोर ओढणे, सांगावा पोचवणे, लग्नात वाजवणे, जत्रेत नाचणे ही सगळी एकाच वतनाची कामे. 1928 मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले ते ह्या वेठीचे मूळ तोडण्यासाठी. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभारला तेव्हा त्यांनी ढोलकी फेकून दिली नाही, सवाल-जवाबही ठेवले. त्यातली देवांची स्तुती आणि शृंगार काढून तेथे प्रबोधन आणले. अण्णा भाऊ साठ्यांनीही तमाशाला लोकनाट्य केले ते असेच. म्हणजे आपल्या पूर्वसुरींचा नकार नाचाला नव्हता, नाचवले जाण्याला होता.

पण मधल्या काळात हा भेद आपण विसरत गेलो. आपली मुले शिकली, नोकऱ्यांत गेली. पांढरपेशा होताना त्यांनी पांढरपेशांचे हसूही उचलले. मी महाविद्यालयात शिकवतो. स्नेहसंमेलनात एखादा मुलगा लावणीवर किंवा शास्त्रीय नृत्याच्या तालावर पाय टाकू लागला की मागच्या रांगांतून शिट्या येतात, आणि शिट्या वाजवणाऱ्यांत आपल्या वस्तीतली मुलेही असतात. ज्याच्या आजोबाला गावाने नाच्या म्हणून हिणवले, त्याच्याच नातवाने तो शब्द दुसऱ्याच्या अंगावर फेकावा, यापेक्षा वर्णव्यवस्थेचा मोठा विजय कोणता? आणि हे हसू शेवटी कोणावर असते? पुरुष 'बायल्या' ठरतो म्हणून हसायचे, म्हणजे बाई असणे हीच हीन गोष्ट आहे असे मानायचे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्याची राख अजून आपल्या हशात उरलेली आहे.

या संदर्भात आर्थर मिचेल यांचे नाव आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते 1955 मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेत आले आणि पुढे तेथील पहिले कृष्णवर्णीय प्रमुख नर्तक झाले. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्या धक्क्यातून मिचेल हार्लेमच्या काळ्या वस्तीत परतले आणि 1969 मध्ये त्यांनी 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' स्थापन केले. गोऱ्यांच्या राजवाड्यातले नृत्य त्यांनी काळ्या मुलामुलींच्या हाती दिले. हे काम कोणी गुलामांवर लादलेले नव्हते. ते त्यांनी निवडले होते. आपल्या मुंबईतही वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह आणि टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान यांनी येहूदा माओर या परदेशी शिक्षकाकडे बॅले शिकला, आणि अमीरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. 2020 मध्ये त्यांच्या जीवनावरून 'ये बॅले' हा चित्रपट निघाला. श्रमिकाच्या मुलाचे शरीर केवळ ओझे वाहण्यासाठी नसते, हे त्यांनी दाखवून दिले.

म्हणून कसोटी एकच ठेवावी, सक्ती की निवड? जातीने लादलेला नाच नाकारणे हा विद्रोह होता. स्वतः निवडलेला नाच नाचणे हाही विद्रोहच आहे. पहिल्याच्या नावाने दुसऱ्याची हेटाळणी करणारा बाबासाहेबांच्या नकाराचा अर्थ समजलेला नाही.

कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. दंडारीत आणि खडी गमतीत नाचलेली म्हातारी माणसे वऱ्हाडातल्या गावोगावी अजून कुठे कुठे हयात असतील. त्यांच्याकडे जावे, त्यांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. इतिहास नसलेल्या माणसाच्या बाजूने तीनशे काय, तीन माणसेही रस्त्यावर येत नाहीत. आणि दुसरे काम त्याहून सोपे, पण अवघड. पुढच्या संमेलनात शिट्या सुरू झाल्या की आपण टाळ्या वाजवाव्यात, उभे राहून वाजवाव्यात.