पंगत, बैठक आणि बिछाना : गिरणगावातली एक खोली

घर लावायचं म्हटलं की आज आपण आधी पैशाचा हिशेब करतो. गिरणगावात त्याच्या जोडीला जमिनीचा हिशेब असायचा. 1920 साली मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. खोली साधारण 160 चौरस फुटांची, संडास सामायिक.

आता सामान बघा. पाट, चटई, ट्रंक, भिंतीला फळ्या, कपड्यांना दांडी. पाट मांडले की जेवणघर. ते भिंतीला टेकवून सतरंजी अंथरली की पाहुण्यांची बैठक. रात्री तिथंच वळकट्या उलगडायच्या. पुढे लोखंडी कॉट आली. दिवसा तिच्यावर बसायचं, खाली ट्रंका सरकवायच्या, नाहीतर एखादं पोरगं झोपवायचं. जेवणाचं टेबल घेतलं असतं तर दोघांची झोपायची जागा गेली असती.

यात पोटाचाही प्रश्न होता. कुटुंब गावी ठेवून आलेले कामगार खानावळीत जेवत, आणि कित्येक बायका ती खानावळ राहत्या खोलीतच चालवत. पाळी सुटेल तशी पंगत बसायची. म्हणजे मोकळी जमीन हीच त्या बाईची मिळकत. म्हणून अशा खोलीचा जुना फोटो पाहून ‘घरात काहीच नव्हतं’ असं म्हणण्याआधी, त्या रिकाम्या जागेवर दिवसभरात किती माणसं जेवत आणि झोपत होती, ते मोजायला हवं.