वाफ्याच्या पोटातले खत

लूकच्या शुभवर्तमानातील निष्फळ अंजिराचा दाखला आपण उपासनेत वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. तीन वर्षे फळ न देणारे झाड धनी तोडायला सांगतो आणि माळी एका वर्षाची मुदत मागून घेतो. त्या मुदतीवर प्रवचने पुष्कळ होतात. त्या वर्षात माळी काय करणार, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. तो झाडाभोवती खणणार आहे आणि खत घालणार आहे.

वसईच्या वाड्यांत आमच्या वाडवडिलांची रीत याहून निराळी नव्हती. केळीचा घड उतरला की खांब तोडून त्याचे तुकडे ओळींमधल्या चरात पडत. त्यावर पालापाचोळा, गोठ्यातला केर, चुलीची राख, आणि वर माती. गंमत अशी की, याच ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपासाठी राब भाजला जाई. फांद्या, पाने, शेण यांची राख व्हायची. राबासाठी लागणाऱ्या पाल्यावरून शेतकरी आणि सरकारचे जंगल खाते यांच्यात मोठा तंटा झाला. १८८५ साली मुंबई सरकारने त्यासाठी फॉरेस्ट कमिशन नेमले. एकाच जिल्ह्यात शेतात जाळणे आणि वाडीत पुरणे, दोन्ही सुखाने नांदत होते.

या पुरण्याला शास्त्राच्या बाजूने आक्षेप आला तो इंदूरहून. १९०५ साली पुसा येथे रुजू झालेले आल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून इंदूरच्या संस्थेत काम करू लागले. तेथे यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यांनी खड्ड्यात खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली दोघांच्या नावे तिचे पुस्तक निघाले. काडीकचरा व शेण यांचे थर, तीनदा परतणे, सुमारे तीन महिन्यांत तयार खत. (हॉवर्डचे नाव जगभर झाले, वाडांचे नाव मराठी माणसालाही ठाऊक नसते, याची खंत वाटते.) हॉवर्डचे म्हणणे असे की, कच्चा कचरा शेतात गाडला तर एकाच जमिनीवर दोन कामे पडतात: खत करणे आणि पीक पोसणे.

हा आक्षेप खरा आहे. वाळका पाला कुजवणारे सूक्ष्म जीव मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि कोवळे रोप पिवळे पडते. पण आमच्या जुन्या माळ्यांना नत्र हा शब्द माहीत नसला, तरी रोपाच्या मुळाशी ताजा कचरा घालू नये हे माहीत होते. ते रिकाम्या चरात पुरत, तो चर काही महिने पडू देत आणि मगच त्यात लागवड करीत. मधल्या काळातले काम गांडुळे करीत. त्या कामावर चार्ल्स डार्विनने १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, अख्खे पुस्तक लिहिले.

आता बहुतेक घरांतले गोठे गेले, आणि खड्डा भरण्याइतके शेण मिळणे कठीण. स्वयंपाकघरातला ओला कचरा मात्र रोज निघतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्याच्या कडेला जातो. ज्यांच्या दारी चार वाफे उरले आहेत, त्यांना चराची रीत अजूनही सोयीची आहे. वीतभर तरी खोल पुरावे. मासळीची डोकी, काटे असतील तर हातभर, नाहीतर कुत्री रात्रीतून उकरतात. भर पावसात चर भरू नये, पाणी साचले की मातीतली हवा कोंडते आणि खताऐवजी दुर्गंधीच पदरात पडते.