दिवेलागणीची प्रार्थना

धायरी २०१७ साली पुणे महानगरपालिकेत आली. सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून रात्री घरी पोहोचणाऱ्या आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत एक प्रश्न वरचेवर निघतो: रविवारची मिस्सा चुकत नाही, पण उरलेल्या सहा दिवसांचे काय? हा प्रश्न जुनाच आहे. आमच्या पूर्वजांनी त्याचे उत्तर घरात शोधले होते.

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. नवख्रिस्ती कुटुंबांची अडचण त्यांनी ओळखली. जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचावे, ऐकावे असे काही हाती आले नव्हते. मिस्सा लॅटिनमध्ये, सुखदुःख मात्र आपल्या बोलीत. १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ हे त्या अडचणीचे उत्तर होय. सुमारे अकरा हजार ओव्या! ज्या छंदात ज्ञानेश्वरी आहे त्याच छंदात प्रभू येशूचे चरित्र. ओवी कानावर पडता पडता पाठ होते, आणि पाठ झालेले शब्द पोथी मिटल्यावरही माणसाबरोबर शेतावर जातात. स्टीफन्स यांच्या मराठीप्रेमाचे गोडवे पुष्कळ गायिले गेले; त्यांची ही दूरदृष्टी आम्हांला अधिक मोलाची वाटते.

१६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. पुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांतील एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ जगला, कारण मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते जपली. त्यांच्याच आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला.

देशावरचा इतिहास बराच अलीकडचा. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली नगर जिल्ह्यातील केंदळ येथे ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. पुढे १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. खेड्यांतून धर्मगुरू येऊन जात; छापील अंक घरात राही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि घरची मराठी वेदीपर्यंत पोहोचली. येथेच एक विलक्षण उलटापालट झाली. पूर्वी मंदिरात लॅटिन आणि घरात मराठी जपमाळ असे. आता मंदिरात मराठी मिस्सा होते आणि दिवेलागणीला घरात दूरदर्शन संच बोलत असतो. जेथे आजी आहे तेथे जपमाळ अजून होते. नातवंडे ती इंग्रजीत म्हणतात, याबद्दल आमची तक्रार नाही. देवाला सर्व भाषा कळतात. परंतु पोळ्या लाटताना, खचाखच भरलेल्या बसमध्ये, आजाऱ्याच्या उशाशी ओठांवर काही यायचे तर ते आधी पाठ असावे लागते. पाठांतराला हल्ली आपण उगाच कमी लेखतो.

ख्रिस्तपुराण आज देवनागरीत छापलेले मिळते. रात्रीच्या जेवणाआधी दहा ओव्या म्हटल्या, तर सगळे पुराण तीन वर्षांत वाचून होते.