ज्येष्ठस्नेही आपत्कालीन विभाग

वृद्ध रुग्णांच्या गरजा ध्यानात घेऊन जागा, मनुष्यबळ आणि तपासणीची रीत बदललेला रुग्णालयाचा तातडीचा विभाग. अमेरिकेत मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील होली क्रॉस रुग्णालयाने 2008 मध्ये असा स्वतंत्र विभाग काढला. 2014 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर व परिचारिकांच्या संघटनांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि 2018 पासून अशा विभागांना मानांकन मिळू लागले.

पुण्यात या विषयाची निकड स्वारगेटला लगेच ध्यानात येते. एसटी स्थानक, पीएमपी या शहर बससेवेचे आगार आणि सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेले भुयारी मेट्रो स्थानक इथे एकमेकांलगत आहेत. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गाड्यांतून अनेक वृद्ध एकटेच येतात. गाडीच्या उंच पायरीवरून उतरताना किंवा तिथला जेधे चौक ओलांडताना त्यांपैकी कोणी पडले, तर जवळच्या कॅज्युअल्टीत पोहोचते तेव्हा सोबत नातेवाईक नसतो, जुने कागद नसतात.

पडलेल्या वृद्धाचे हाड कोणते मोडले हे एक्स-रेमध्ये दिसते. तो पडला कशाने, हे विचारावे लागते. हृदयाचे अनियमित ठोके, लघवीचा संसर्ग, नुकतीच वाढवलेली रक्तदाबाची गोळी यांपैकी काहीही कारण असू शकते, आणि ते शोधले नाही तर प्लॅस्टर घालून घरी गेलेला रुग्ण पुन्हा पडू शकतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही मेंदूत रक्तस्राव घडवू शकतो. वृद्धांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता नुसता दम लागून किंवा गळून गेल्यासारखे वाटून येऊ शकतो. न्यूमोनियात ताप नसू शकतो. जखमी वृद्धाचा वरचा रक्तदाब 110 च्या खाली गेला, की तो धोक्यात असू शकतो. तरुणाच्या बाबतीत हाच आकडा पाहून डॉक्टर निश्चिंत होतील.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती अचानक आलेली भ्रमावस्था, म्हणजे डेलिरियम. ‘वय झालंय, असंच बोलतात’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. गप्प पडून राहणारा भ्रमिष्ट रुग्ण तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वास्तविक ती संसर्गाची, औषधाच्या दुष्परिणामाची किंवा क्षार घटल्याची खूण असू शकते. ‘काल असे होते का?’ हा घरच्यांना विचारलेला एक प्रश्न पुष्कळदा निदानाची दिशा दाखवतो.

ज्येष्ठस्नेही विभागासाठी लागणाऱ्या सोयी साध्या आहेत : जाड गादी, न घसरणारी फरशी, हाताला कठडा, ठळक घड्याळ, कमी गोंगाट. गरज नसताना मूत्रनळी घालू नये, कारण तिच्याने संसर्ग आणि भ्रम दोन्ही वाढतात. खुबा मोडलेल्यास भूल देणारे इंजेक्शन मज्जातंतूजवळ दिले, तर गुंगी आणणारी वेदनाशामके कमी लागतात. शस्त्रक्रियाही शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी. घरी सोडताना सगळ्या गोळ्या तपासाव्यात आणि दुसऱ्या दिवशी फोन करावा.

भारतात 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने सरकारी रुग्णालयांत वृद्धांसाठी खाटा आणि स्वतंत्र रांग यांची तरतूद केली. 2010–11 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमाचा भर बाह्यरुग्ण सेवा, वॉर्ड आणि पुनर्वसन यांवर राहिला. रांग वेगळी केल्याने कॅज्युअल्टीतली तपासणी बदलत नाही. त्यासाठी तिथल्या निवासी डॉक्टरांना आणि परिचारिकांना वृद्धवैद्यकाचे शिक्षण मिळायला हवे. वेगळी इमारत उभारण्याआधी या शिक्षणाचा खर्च करण्याजोगा आहे.

108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलावणाऱ्याने वृद्धाबरोबर औषधांची चिठ्ठी, चष्मा, श्रवणयंत्र आणि घरच्यांचा फोन नंबर आठवणीने पाठवावा.