साम्राज्याचा माल आणि भिंतीवरची चित्रे

इतिहास म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. रस्त्यावरच्या भिंतीला लावलेली जाहिरात हाही इतिहासाचा कागद असतो, हे सांगितले तर ते हसतात. प्रस्तुत लेखात अशाच काही जाहिरातींची हकिकत सांगावयाची आहे. त्या लागल्या इंग्लंडात, परंतु त्यांचा धागा आपल्या कोकणातील घरांपर्यंत येतो.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या कारखान्यांना पूर्वीसारखी गिऱ्हाइके उरली नव्हती आणि बेकारी वाढली होती. परदेशी मालावर जकात बसवावी व साम्राज्यातील मालाला सवलत द्यावी, असा विचार पुढे आला. पण जकात म्हणजे महाग अन्न, अशी धास्ती लोकांना वाटली आणि १९२३ च्या निवडणुकीत मतदारांनी तो विचार नाकारला. तेव्हा सरकारने दुसरी वाट काढली. जकात नाही तर नाही, निदान गृहिणींचे मन तरी वळवावे! त्यासाठी मे १९२६ मध्ये ‘एम्पायर मार्केटिंग बोर्ड’ स्थापन झाले. वसाहतमंत्री लिओ ॲमरी त्याचे अध्यक्ष होते आणि स्टीफन टॅलंट्स सचिव. (हेच ॲमरी पुढे १९४० ते १९४५ या काळात भारतमंत्री होते, म्हणजे ‘चले जाव’च्या वेळचे.) बोर्डाच्या पैशाचा मोठा भाग शेती व फळांच्या साठवणीसंबंधीच्या संशोधनावर खर्च झाला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची चित्रे.

चित्रांचे काम लंडनच्या भुयारी रेल्वेचे फ्रँक पिक यांच्याकडे होते. त्यांनी त्या काळचे उत्तम चित्रकार गाठले. गावोगावी खास लाकडी चौकटी उभारून एका रांगेत पाच चित्रफलक लावले जात आणि काही आठवड्यांनी बदलले जात. त्यांच्या लहान आकाराच्या प्रती शाळांनाही पाठविल्या जात. एक शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मोठी माणसे जाहिरात पाहून पुढे जातात. वर्गाच्या भिंतीवरचे चित्र मुलगा वर्षभर पाहतो आणि तेच जग आहे असे समजतो.

१९२७ च्या आरंभी मॅकडोनाल्ड गिल या चित्रकाराचा जगाचा भव्य नकाशा लागला. त्याचे नाव ‘साम्राज्याचे राजमार्ग’. मध्यभागी ब्रिटन आणि तेथून चहूकडे जाणाऱ्या समुद्रमार्गांच्या रेघा. नकाशा सुंदर आहे, यात वाद नाही. त्याच सुमारास आफ्रिकेतील वसाहतींच्या वाढत्या व्यापाराविषयी एक फलक निघाला. आजची जंगले या उद्याच्या सोन्याच्या खाणी, असा त्याचा मथळा होता. त्या सोन्याचा मालक कोण, एवढे मात्र त्यावर लिहिलेले नव्हते.

पण सर्वांत गाजली ती एका गोड पदार्थाची कृती. नाताळात इंग्रजांच्या घरी पुडिंग करतात. राजे पाचवे जॉर्ज यांच्या मुदपाकखान्यातील पुडिंगची कृती १९२७ साली बोर्डाने प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक जिन्नस साम्राज्यातलाच होता. ऑस्ट्रेलियाच्या मनुका, दक्षिण आफ्रिकेचे बेदाणे, कॅनडाची सफरचंदे, आयर्लंडची अंडी, वेस्ट इंडीजची साखर, सिलोनची दालचिनी, झांजीबारची लवंग. (मद्याचा भाग आपण सोडून देऊ.) आणि हिंदुस्थानकडून? एक चमचा मसाला.

ही यादी मी आठवीच्या वर्गात वाचून दाखविली तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, एवढ्या मोठ्या देशाचा वाटा चमचाभरच का?” प्रश्न खरोखर चांगला होता. मी सांगितले की, हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणारा मोठा माल म्हणजे चहा, ताग, कापूस, कातडी. हे काही पुडिंगमध्ये पडत नाही! शिवाय इंग्रजांच्या दृष्टीने आपला देश विकणारा होता त्याहून अधिक विकत घेणारा होता. लँकेशायरचे कापड येथे खपत असे. म्हणूनच तिकडे ‘साम्राज्याचा माल घ्या’ अशी चित्रे लागत असताना इकडे परदेशी कापडावर बहिष्कार चालू होता. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरच्या गिरणी कामगारांना भेटले, तेव्हा दोन्ही बाजूंचे बेकार हात समोरासमोर आले.

आता आपल्या घरची गोष्ट. गिलच्या नकाशातील त्या रेघांवरून आगबोटी चालवीत कोण होते? ‘पी अँड ओ’सारख्या कंपनीच्या बोटींवर डेकचे काम करणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील मुसलमान खलाशी मोठ्या संख्येने होते. सारंग आणि टंडेल ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांना नवी नाहीत. त्याच बोटीवरील गोऱ्या खलाशाच्या मानाने यांचा पगार फारच कमी असे. १९२५ साली, म्हणजे बोर्ड स्थापन होण्याच्या केवळ एक वर्ष आधी, ब्रिटनमध्ये एक हुकूम निघाला. त्यान्वये गोऱ्या नसलेल्या परदेशी खलाशांनी पोलिसांकडे नोंद करणे सक्तीचे झाले. हिंदुस्थानचे खलाशी हे ब्रिटिश प्रजाजन होते, पण पुरेसा कागदोपत्री पुरावा जवळ नसलेल्या कित्येकांची नोंद परदेशी म्हणून झाली. भिंतीवर साम्राज्य हे एक कुटुंब होते. बंदरावर मात्र त्याच कुटुंबातील माणसाला कागद विचारला जात होता, आणि कागद वाचता न येणाऱ्याची तर फारच अडचण.

१९३२ साली ओटावा येथील परिषदेत साम्राज्यातील मालाला जकातीत सवलती मिळाल्या. बोर्डाची गरज संपली आणि सप्टेंबर १९३३ मध्ये ते बंद झाले. त्याची चित्रे आज मँचेस्टरच्या कलासंग्रहालयात आणि लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत.

आपल्या खलाशांचे कागद मात्र पत्र्याच्या पेट्यांत, माळ्यावर, कसरीच्या तोंडी पडून आहेत. पालकांना विनंती आहे की, घरात कोणा आजोबा-पणजोबांचे बोटीवरील दाखले, पत्रे किंवा छायाचित्रे असतील तर ती मुलांबरोबर शाळेत पाहावयास पाठवावीत. आम्ही ती वर्गात वाचू आणि जशीच्या तशी परत करू.