दौत सांभाळा, सर लिहितायत

हळू! तिथे जमिनीवर दौत आहे, पाय लागेल. पहाट उजाडायची आहे. तुम्ही अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात आहात, साल साधारण 1928. आजूबाजूला घोंगड्यांत मुरकुटलेली पोरं. रॉकेलचा वास नाकात बसलाय. कंदिलाशी वाकून एक सडपातळ शिक्षक भराभर लिहितोय. हेच पांडुरंग सदाशिव साने. आज मुलांना वाचायला द्यायचं ‘छात्रालय दैनिक’ हातानेच लिहून पुरं करायचंय. गोष्टी, थोरांची चरित्रं, जगातल्या घडामोडी, शिवाय काल कोण चुकलं त्याची हळुवार कानउघाडणी. विचार करा, रोज! वर्गातलं शिकवणं आहेच.

मिलचा भोंगा वाजतो आणि गलका उसळतो. तांब्यांचा खणखणाट, विहिरीवर रहाटाची करकर, अंगावर गार पाण्याचा सपकारा. जवळपासच्या खेड्यांतली पोरं आपसात अहिराणीत भांडतायत. तुम्ही घाईत अंथरूण तसंच टाकून शाळेत पळता, मळका सदरा कोपऱ्यात भिरकावून.

दुपारी परत येता तेव्हा ऊन डोक्यात घुसलेलं असतं. रस्त्यावर कापसाच्या गाड्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज, धुरळा. जिनाकडून आलेली पांढरी तूस घामाला चिकटते. घशाला कोरड पडलीय. तुम्ही खोलीत शिरता आणि दारातच थबकता. अंथरुणाची नीट घडी. कंदिलाची काच राखेने घासून लख्ख. तुमचा सदरा दोरीवर, अजून टपटपतोय. कोणी धुतला हे विचारायची सोय नाही, कारण धुणारे सर तिकडे दुसऱ्याचं धोतर पिळतायत. तुमचे कान तापतात ते उन्हाने नव्हे. उद्या अंथरूण तुम्हीच उचलाल. आरडाओरडा, छडी, दंड यांतलं काहीच झालेलं नाही, आणि शिस्त लागलीय.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि झणझणीत ठेचा. डोळ्यांतून पाणी येतं, तरी दुसरी भाकरी मागाल.

संध्याकाळी तत्त्वज्ञान मंदिराकडे चक्कर मारू. श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये उभारलेली ही संस्था. गिरणीच्या गावात मालकाने वेदान्ताच्या अभ्यासाला घर बांधून द्यावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आत गारवा आहे, जुन्या पुस्तकांचा वास आहे. जी. आर. मलकानी यांच्यासारखे अभ्यासक इथे शांकर अद्वैताचा काथ्याकूट करतात. साने मुळात अमळनेरला आले ते इथेच अभ्यास करायला. शांत, मानाची जागा होती. ती सोडून 1924 मध्ये ते शाळेत गेले, पोरांच्या गोंगाटात. माझ्या मते अमळनेरचं भाग्य त्या दिवशी उजळलं.

रात्री पुन्हा छात्रालय. सर गोष्ट सांगतायत. मघाशी भांडणारी पोरं खांद्याला खांदा लावून बसलीयत, कुणीतरी हुंदका गिळतंय. तुम्हालाही डोळे पुसावे लागतील, लाजू नका.

1930 मध्ये ते नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. या छात्रालयात त्याआधीच्या वर्षांत राहिलेल्या एखाद्या मुलाचं घर तुमचं असेल, तर माळ्यावरची ट्रंक एकदा उघडून बघा. हस्तलिखित दैनिकाचं एखादं पान निघालं तर रद्दीत घालू नका, ग्रंथालयाकडे द्या.